फक्त ठेवणारी किल्ली

हिंगोली
१२ जानेवारी २००९

निताताई,

हे पत्र साधनाताई तुझ्यापर्यंत पोचवेल. ती आता हट्ट्याला सासरी असते. तिच्या नावानं पाकीट गेलं तर तांड्यात कुणाला काही वाटणार नाही. तरीही मी ते पुसेगावला न टाकता हिंगोलीच्या मोठ्या पोस्टात टाकतो आहे. तू कोणत्या गावात असतेस ते मला माहीत नाही आणि साधनाताईलाही मी विचारलेलं नाही. तूही कळवू नकोस. जे माहीतच नाही ते माझ्या तोंडून निघणार नाही.

आधी कामाचं लिहितो. याडीला तुझ्याशी बोलायचं आहे, शेवटी आईच ती, पण फोनवर येणार नाही. तू सोमेश्वरबरोबर गेलीस त्याच आठवड्यात बांनी तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवून आण घातली की ती तुझ्याशी बोलणार नाही, समोर नाही आणि फोनवरही नाही. बारावी नापास डोकं कशाच्या तरी उपयोगी पडलं. मी तिला म्हणालो, आणबिण काही नसतं. ती म्हणाली, "आण तुझ्या डोक्यावर हाय. माझ्या डोक्यावर असती तर म्या कवाच मोडली असती."

मग मी तिला मोबाईलमध्ये आवाज भरून दाखवला. म्हणालो, यात बोल, पलीकडे कुणी नसतं. तिनं दिवसभर कापूस वेचता वेचता विचार केला आणि संध्याकाळी निकाल दिला, "समोर कोनी न्हाई तर ते बोलणं न्हाई. बाई एकटी बसली की सोताशी बोलतीच."

आता हा आवाज तुझ्याकडे पाठवायचा कसा? सीडी केली तर ती घरात राहते आणि कुणाच्याही हाती पडते. मी ज्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये काम करतो तिथले अमृतराव सर सांगतात की आता फायली आपल्या कॉम्प्युटरमध्ये न ठेवता इंटरनेटवरच दूर कुठंतरी ठेवता येतात. त्याला क्लाऊड म्हणतात. थोडी जागा फुकट मिळते. ती मी माझ्या नावावर घेतली आहे. मालक म्हणून एक प्रवेश, म्हणजे लॉगिन, माझा, आणि दुसरा तुझ्यासाठी तयार केला आहे. तुझ्या प्रवेशानं तुला फक्त ऐकता येईल आणि उतरवून घेता येईल.

तुझ्या युजरचं नाव मी निता ठेवलेलं नाही. ‘काळीशेळी’ ठेवलं आहे. इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान, मध्ये जागा सोडायची नाही. तू तिला आंघोळ घालायचीस म्हणून सुचलं. हसू नकोस.

नावाबरोबर एक गुप्त किल्ली लागते. ती कॉम्प्युटरच तयार करतो, अक्षरं आणि आकडे मिसळून, काहीही अर्थ नसलेली. नाव आणि किल्ली एका पाकिटात पाठवायची नाही, असं आम्हाला शिकवलं आहे. म्हणून किल्ली पुढच्या पत्रात येईल.

मी बरा आहे.

दिपक


हिंगोली
१९ जानेवारी २००९

निताताई,

सोबतच्या कोऱ्या कागदावर किल्ली लिहिली आहे. त्यावर दुसरं काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे कागद कुणाला सापडला तरी ते काय आहे हे कळणार नाही. शून्याच्या पोटात रेघ मारली आहे, गोल अक्षराला मारलेली नाही. मोठ्या अक्षरांखाली टिंब दिलं आहे. टिंब टाईप करायचं नाही.

ही दुसरी किल्ली आहे. पहिली उतरवून घेतल्यावर एका ठिकाणी ते अक्षर आहे की पाचाचा आकडा, अशी मला शंका आली. पण किल्ली एकदाच दिसते. खिडकी बंद केली की ती तयार करणाऱ्यालासुद्धा परत दाखवत नाहीत. मग मी ती रद्द केली आणि नवी काढली. सर म्हणाले, "अरे, एवढं तर बँकवाले करत नाहीत." मी म्हणालो, त्यांच्याकडे फक्त पैसे असतात.

खोलीत मी एकटाच आहे. जोडीदार होता, तो नांदेडला गेला. रविवारी खानावळ एकच वेळ असते. सेंटर बंद असलं तरी सर कुलपाची किल्ली माझ्याकडे ठेवतात, त्यामुळे रविवारी मी तिथं जाऊन बसतो. याडीची पहिली फाईल काल ठेवली आहे. तुला सवड होईल तेव्हा उघड. घाई नाही.

दिपक


हिंगोली
१६ फेब्रुवारी २००९

ताई,

तू उघडलंस! मालकाच्या प्रवेशातून मला एक नोंद दिसते. कोणती फाईल, कधी आणि कुठून उघडली, ते त्यात येतं. काळीशेळीनं याडीची फाईल शुक्रवारी उघडली. शनिवारी परत उघडली.

एक गोष्ट सांगायला हवी. नोंदीत गावाचं नाव येतं हे मला माहीत नव्हतं. दिसल्याबरोबर मी पडद्याच्या त्या भागावर हात ठेवला, पण तोवर वाचून झालं होतं. तुझं गाव आता मला माहीत आहे. मी ते कागदावर लिहिलेलं नाही आणि मनातही म्हणत नाही.

तांड्यावर गेलो आणि याडीला सांगितलं. ती चुलीपुढं होती.

"ऐकलं तिनं?"

"ऐकलं. दोनदा."

"रडली का?"

"ते तिथं लिहून येत नाही, याडी."

"मंग काय येतं लिहून? एवढी शिकलेली मशीन."

ती फाईल तू ऐकली आहेसच, पण ती कशी झाली ते तुला माहीत नसेल. मला वाटलं होतं ती ख्यालीखुशाली विचारेल. तिनं मोबाईल खांद्याजवळ धरला, त्याच्यावर ओढणी घेतली आणि माणसाच्या गळ्यात पडावं तशी सुरात रडायला लागली. तुझ्या लग्नात ढावलो झाला नाही. तू कुणाच्या गळ्यात पडून गाऊन रडली नाहीस, कुणी तुझ्या गळ्यात पडलं नाही. ते तिनं आता केलं. मध्ये मध्ये ती गप्प बसली आहे. मला वाटलं रेकॉर्डिंग बंद पडलं. सेंटरवर आल्यावर त्या रिकाम्या जागा मी कापून टाकणार होतो, फाईल लहान झाली असती. बरं झालं, आधी विचारलं. ती म्हणाली, "कापू नको. ती तिची पाळी हाय."

म्हणून त्या जागा तशाच आहेत.

दिपक


हिंगोली
१४ मार्च २००९

ताई,

होळीला दोन दिवस तांड्यावर होतो. एक गोष्ट माझ्या हाताबाहेर गेली आहे. रागावू नकोस, याडीवर तर नाहीच.

तिनं बायकांना सांगून टाकलं. सगळ्यांना. मी तिला बजावलं होतं की हे बाहेर कुणाला कळता कामा नये. ती म्हणाली, "आन् बाकीच्यांनी काय करायचं? पोरीला एकट्या याडीनं भेटून कसं चालंल? लोक काय म्हणतील, तांड्यात एकच बाई उरली का?"

"याडी, हे गुप्त आहे."

"भेट कुठं चोरून असती का रे?"

मी वेगळं नाव, दोन पाकिटं, रेघ मारलेला शून्य, एवढं सगळं केलं आणि तिनं पाणवठ्यावर सांगितलं. तिच्या मनात लबाडी नव्हती. पोरगी भेटायला आली की तांड्यातल्या प्रत्येक बाईनं तिच्या गळ्यात पडून रडायचं, एवढंच तिला माहीत आहे.

मग त्या आल्या. आशाबाई काकी मोबाईल उलटासुलटा करून म्हणाली, "ह्याला गळा कुठं हाय? म्या पडू कशाच्या गळ्यात?" शेवटी तिनं याडीलाच मिठी मारली आणि याडीनं मोबाईल मध्ये धरला. रुख्मिणीबाई सुरात रडता रडता मध्येच साध्या आवाजात म्हणाली, "निते, माझी परात नेलीस ती नेलीसच ना गं," आणि परत रडायला लागली. बाहेर बसलेली सगळी पोरं हसली. मीही हसलो. फार दिवसांनी हसलो असेन, कारण नंतर गाल दुखले.

ते सगळं मी ठेवलं आहे. आठ फायली आहेत. बा त्या वेळी वावरात होते.

दिपक


हिंगोली
२० एप्रिल २००९

ताई,

अक्षर जरा वाकडं येतं आहे. चष्म्याची काडी टेबलाला लागून मोडली, दोऱ्यानं बांधली आहे. काळजीचं काही नाही.

शनिवारी बा सेंटरवर आले. बरोबर लालसिंग होता. तू गेलीस तेव्हा तो ट्रॅक्टरवर होता, आता हिंगोली ते सेनगाव जीप चालवतो. चुलतभाऊ असला तरी बांच्या पुढेपुढे तोच असतो. बायकांचं ऐकून त्यानं मोबाईलच्या दुकानात चौकशी केली होती. कुठून उघडलं ते दिसतं, हे त्याला कळलं होतं.

तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "काय किल्लीदार, दाव की आमाला बी. बहीण काय तुझ्या एकट्याची हाय?"

बा उभेच होते. म्हणाले, "तुझ्याजवळ किल्ली हाय ना? उघड."

"बा, काहून?"

"काहून म्हंजे? घरी आणायची तिला. तांड्याच्या देवला नायकाला म्या शबूद दिलाय. चार माणसं घेऊन जातो, आणतो. लालसिंगची गाडी हाय."

मी म्हणालो, ती येणार नाही. लालसिंग म्हणाला, "तिला इचारतंय कोन? त्या सोमेश्वरचे हातपाय बराबर केले की आपोआप येती."

तेवढ्यात लाईट गेली. त्या दिवशी दुपारी लाईट जाते हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. सर म्हणाले, आता दोन तास काही होणार नाही. ते दोघं जेवायला गेले. लालसिंग दारातून म्हणाला, "पळू नको बरं."

मी पळालो नाही. सरांच्या केबिनमध्ये बॅटरीवर चालणारा एक कॉम्प्युटर आहे, नेटसकट. मी विचारलं. ते उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

आता मी काय केलं ते लक्ष देऊन वाच, कारण पुढचं सगळं तुझ्या हातात आहे. मी तुझ्या प्रवेशाला मालकाचे सगळे हक्क दिले. तुझी किल्ली तीच आहे, पण आता तुला सगळं बघता येतं, पुसता येतं, कुणाला आत घ्यायचं ते ठरवता येतं. मग मी माझा मालकाचा प्रवेश काढून टाकला. काढायच्या आधी कॉम्प्युटरनं विचारलं, खात्री आहे का, हे परत मिळणार नाही. मी हो म्हणालो. त्याच्याही आधी माझ्यासाठी एक नवी किल्ली केली होती, ती फक्त ठेवणारी आहे. तिनं फाईल आत टाकता येते, बाकी काही नाही. आत काय आहे ते दिसत नाही, कुणी उघडलं ते दिसत नाही, पुसता येत नाही, ठेवलेल्या फाईलवर दुसरी चढवता येत नाही. हे शेवटचं मुद्दाम केलं. उद्या कुणी माझा हात धरून याडीच्या आवाजावर दुसरं काही टाकायला लावलं असतं.

लाईट आल्यावर ते परत आले. मी त्यांच्या समोर उघडलं. लाल अक्षरं आली.

"काय लिवलंय?" बांनी विचारलं.

लालसिंगनं वाचलं, "परवानगी न्हाई म्हणतंय."

"कोणाची परवानगी न्हाई? जागा ह्याच्याच नावावर हाय ना?"

मी म्हणालो, "होती. आता निताच्या नावावर आहे."

मग बांनी विचारलं, तुला तिचं गाव ठाऊक हाय का. मी नाही म्हणू शकलो असतो. माझ्या तोंडातून काहीच आलं नाही. चष्मा टेबलाला लागला तो त्या वेळी.

गाव मी सांगितलेलं नाही. लालसिंगनंही खूप विचारलं, मला खोलीवर सोडताना वाटेत, जीपमध्ये. सांगितलेलं नाही.

दिपक


तांडा, पुसेगावजवळ
१८ मे २००९

ताई,

पत्ता बदलला आहे हे तुझ्या लक्षात आलंच असेल. सरांनी वाईट वागणूक दिली नाही. म्हणाले, "दिपक, तुझ्यासारखं नीट काम करणारा मला मिळणार नाही, पण इथं मुली शिकायला येतात." मला पटलं. आता मी सेनगावला एका नेट कॅफेत जातो, तासाचे पैसे देऊन याडीच्या फायली ठेवतो आणि परत येतो.

ठेवतो, पण पुढं काय होतं ते मला कळत नाही. पेटीत पत्र टाकलं तर ते आत पडल्याचा आवाज तरी येतो. इथं ‘ठेवलं’ एवढा एक शब्द येतो. रोज याडी विचारते, "ऐकलं का?" पहिले काही दिवस मी खरं सांगितलं की मला आता दिसत नाही. ती म्हणाली, "मंग बघायचं कशाला बंद केलंस?" मी सांगितलं कशाला. त्यानंतर तिनं विचारलं नाही, पण घरात आलो की ती हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघते.

बा माझ्याशी बोलत नाहीत. लालसिंग सगळ्यांना सांगत फिरतो, "आमचा दिपक लई हुशार. सोताला बाहेर ठेवून कुलूप लावलं ह्यानं." लोक हसतात. त्यात खोटं काही नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. याडी मोबाईल घेऊन ओसरीवर बसली की बा कडबा तोडायचं थांबवतात. पाणी प्यायला उठल्यासारखं करतात, तांब्या हातात घेतात, पण पीत नाहीत. तिचं संपलं की परत विळ्याचा आवाज सुरू होतो.

तू बरी आहेस का, एवढंच साधनाताईकडून कळव. एक शब्द पुरे.

दिपक


तांडा
१५ जून २००९

ताई,

साधनाताईची चिठ्ठी मिळाली. ‘बरी आहे, दोघंही बरे आहेत, सगळं ऐकते.’ याडीला वाचून दाखवली. तिनं ती हातात घेतली, अक्षरांवर बोट फिरवलं आणि विचारलं, ह्यात ‘ऐकते’ कुठं हाय. मी दाखवलं.

आता घाईचं आहे. नीट वाच.

गेल्या सोमवारी बा माझ्याजवळ आले. दीड महिन्यात पहिल्यांदाच बोलले. "तुझ्या याडीचं ते डबडं कसं चालू करायचं?" मी बटण दाखवलं. ते मोबाईल घेऊन नाल्याकडे गेले आणि लवकरच परत आले. "पाठव. ऐकायचं न्हाई," म्हणाले. मी ऐकलं नाही. मंगळवारी सेनगावला जाऊन फाईल ठेवली, नाव दिलं ‘बा’, आणि त्यांच्या समाधानासाठी मोबाईलमधून काढून टाकली.

संध्याकाळी जीपमधून फाट्यावर उतरलो तर बा तिथं लिंबाखाली उकिडवे बसले होते. फाट्यावर ते कधी कुणाला घ्यायला आलेले मला आठवत नाहीत.

"पाठवलं?"

"हो."

"तिनं ऐकलं असंल का इतक्यात?"

"मला दिसत नाही, बा."

आम्ही तांड्याच्या रस्त्याला लागलो. थोडं चालून ते थांबले.

"पुसून टाक ते."

"काहून?"

"काहून काय? पुस म्हणलं ना." मग म्हणाले, "तोंड उघडलं आन् शिवीच आली. नको ते बोललो. तिला, त्याला, सगळ्याला. असं बोलायला गेलो नव्हतो म्या. परत बोलतो. नीट बोलतो."

मी म्हणालो, पुसतो.

ताई, मला पुसता येत नाही. माझी किल्ली फक्त ठेवते. मीच तशी केली आहे. बांना ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. सांगितलं असतं तर ते दुसऱ्यांदा बोलले नसते.

दुसऱ्या दिवशी ते परत नाल्याकडे गेले. मी लांबून बघत होतो. त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. मग बोलले. याडीनं जेवायला हाक मारली तेव्हाही ते उठले नाहीत. परत आले तेव्हा मोबाईल तापला होता. "हे पाठव. ते पुसलंस ना?" मी हो म्हणालो.

म्हणून आता तिथं बांच्या दोन फायली आहेत. ‘बा’ नावाची पहिली, ती लहान आहे. ती पुसायचा हक्क फक्त तुला आहे. न ऐकता पुसता आली तर पूस. दुसरी लांब आहे. नावातून काही सांगता येईल म्हणून तिचं नाव मी ‘आधी हे ऐक’ ठेवलं आहे. ती मी ऐकलेली नाही, त्यामुळे तिच्यात काय आहे याची खात्री मी देऊ शकत नाही. पागोटं गुडघ्यावर होतं, एवढंच मी पाहिलं.

फायली ठेवल्या त्याच दिवशी तुझ्याजवळ पोचल्या असतील. हे पत्र हट्ट्यावरून फिरून तुला मिळेपर्यंत बरेच दिवस जातील, तोवर तू पहिली ऐकलेली असशील. ऐकली असशील तर आता मला काही करता येत नाही. तिथंच थांबू नकोस. दुसरी उघड.

दिपक